कुंडीतील कागदी लिंबाची पाने गळत आहेत; झाड वाचेल का?

बाल्कनीतली_बाग, पुणे
आमच्याकडे पाच वर्षांचे कागदी लिंबाचे झाड चौदा इंची प्लास्टिकच्या कुंडीत, पश्चिमेच्या बाल्कनीत आहे आणि त्याला रोज साधारण पाच तास ऊन मिळते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आईच्या लोणच्यापुरती लिंबे त्यावर धरत होती. पावसाळा सरल्यापासून मात्र कोवळी पाने पिवळी पडू लागली, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि आता शेंड्याकडच्या काड्या वाळत चालल्या आहेत. पाने पिवळी दिसताच मी आधी शेणखत, मग निंबोळी पेंड आणि शेवटी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे पाण्यात विरघळणारे खत दिले. प्रत्येक वेळी पानगळ वाढलीच. सोसायटीला बोअरवेलचे पाणी येते आणि मी रोज सकाळी एक तांब्या पाणी घालते. हे झाड आईने स्वतः लावलेले असल्यामुळे ते टाकून दुसरे आणावे असे मला अजिबात वाटत नाही.

लिंबोणी
खत आजपासून पूर्ण थांबवावे. मुळे आजारी असताना दिलेले खत झाडाला घेता येत नाही, उलट त्यातील क्षारांमुळे उरलीसुरली पांढरी मुळेही करपतात. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. तिथे ओल असताना रोज पाणी घालणे हेच बहुधा दुखण्याचे मूळ असावे. त्यानंतर कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासह अलगद बाहेर काढा आणि मुळांचा रंग, वास व कडकपणा कसा आहे ते इथे कळवा. तोवर कोणतेही औषध सुचवणे मला योग्य वाटत नाही.

संत्रापट्टा, अमरावती
कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, याला आमच्याकडे केवडा म्हणतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र (नायट्रोजन) कमी पडले असते तर आधी जुनी पाने पिवळी झाली असती. बोअरवेलच्या जड पाण्यातील चुना कुंडीत साठत जातो, मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मातीत लोह असूनही ते झाडाला मिळत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का ते पाहा. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) आणताना पुडीवर ईडीडीएचए लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

लिंबोणी
केवड्याचे निदान मला पटते, परंतु कुजलेली मुळे लोहही उचलू शकत नाहीत, म्हणून आधी मुळे पाहावीत या मतावर मी ठाम आहे.

बाल्कनीतली_बाग
आज झाड बाहेर काढले. काठावर पांढरा थर आहेच, शिवाय तळाची तीनही भोके मुळांनी बुजली होती आणि खालच्या चार बोटे मातीला नाल्यासारखा वास येत होता. तिथली मुळे तपकिरी असून चिमटीत धरून ओढली की साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वरच्या भागातील मुळे मात्र फिकट आणि कडक आहेत. खोडावर डिंक दिसला नाही.

लिंबोणी
वरची मुळे कडक असतील आणि खोडावर डिंक, म्हणजे खोड कुजत असल्याची खूण, नसेल, तर झाड वाचण्याची चांगली आशा आहे. साल निसटणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाका. मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळा, कारण थोड्या मुळांना जास्त ओली माती झेपत नाही. बारा इंची मातीची कुंडी पुरेल. एक भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग पूर्ण कुजलेले गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण भरा, मात्र वाळू बांधकामावरची, सिमेंट लागलेली नसावी. खोडाचा बुंधा मातीत गाडला जाता कामा नये. वाळलेल्या काड्या हिरवा गाभा लागेपर्यंत छाटा, जाड कापांवर बोर्डो मलम (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) लावा आणि पंधरा दिवस झाड सावलीत ठेवा. नवी फूट दिसल्यावरच संत्रापट्टा यांनी सांगितलेले लोह द्या. पुढचे वर्षभर फुले आली तरी खुडावीत. आईंना ते जड जाईल, पण सध्या झाडाची सगळी ताकद मुळांकडे जायला हवी.

बाल्कनीतली_बाग
बुंध्यापाशी, मातीच्या जरा वर, एक जोमदार काटेरी फूट आली आहे. ती ठेवावी का?

संत्रापट्टा, अमरावती
रोप बियांपासून केलेले असेल तर ती फूटही कागदी लिंबाचीच आहे. ठेवायला हरकत नाही. खोडावर वीतभर उंचीवर डोळा भरल्याची (कलमाची) गाठ दिसत असेल आणि फूट तिच्या खालून निघाली असेल, तर ती जंबेरीसारख्या खुंटाची (ज्यावर कलम बांधतात त्या मूळ झाडाची) आहे, ती मुळापासून काढा.

बाल्कनीतली_बाग
गाठ कुठेच नाही. आईने बी टाकूनच हे रोप केले होते असे तिने आत्ताच सांगितले, त्यामुळे फूट ठेवत आहे.