नैरोबीत तंबू? हो, पण स्वेटर घेऊन

जुलैत मुलांना घेऊन नैरोबीतल्या तंबूवाल्या इको कॅम्पमध्ये राहावं का, असा प्रश्न आहे. माझ्या मते खुशाल राहा, फक्त कॅम्प लांगाटा किंवा कॅरेन भागातला बघा. जिराफ सेंटर, शेल्ड्रिकचं हत्तींचं अनाथालय, नॅशनल पार्क सगळं तिथून जवळ. शहराच्या मध्यभागातून रोज ये-जा केलीत तर अर्धी सुट्टी ट्रॅफिकमध्ये जाईल. हत्तीची पिल्लं सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ बघता येतात, त्यामुळे बुकिंग आधीच करा.

आता थंडी. विषुववृत्ताजवळ म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. नैरोबी महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, जवळपास १७०० मीटर. जुलैतल्या रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि कापडाच्या भिंतीतून तो चांगलाच जाणवतो. जाड पांघरुणं, गरम पाणी मिळतं का, हे आधी विचारून घ्या. लांगाट्याला विल्सन विमानतळ लागूनच आहे, मसाई मारा अभयारण्यासाठीची छोटी विमानं तिथूनच उडतात. तेव्हा अगदी रानातल्या शांततेची अपेक्षा नको (मुलं मात्र खूश होतील).

आणि खाऊ कॅरीबॅगांत बांधून नेऊ नका, केनियात २०१७ पासून त्यांवर कडक बंदी आहे. सरळ डबे न्या.