रेव्हरंड टिळकांच्या स्मृतिदिनी त्यांच्या संसाराविषयी किती बोलावे?

नगरकर
येत्या ९ मे रोजी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या स्मृतिदिनी, आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला दहा मिनिटे बोलायचे आहे. दरवर्षी त्यांच्या कवितांचा आणि भक्तिगीतांचाच उल्लेख होतो. मला मात्र पती, पिता आणि सेवक म्हणून ते कसे जगले, हे सांगावेसे वाटते. अडचण अशी, की १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यापासून काही वर्षे दुरावले होते. स्मरणाच्या प्रसंगी हा भाग टाळावा का?

ओवी
मुळीच टाळू नये. ज्यांनी तो विरह सोसला, त्या लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात तो सगळा काळ रडण्यासंतापण्यासकट लिहून ठेवला आहे; मग आपण कोण लपवणार? टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव, हाती पैसा न टिकणे, हेही तिथे आहे, आणि ते वाचताना हसू आवरत नाही. मात्र १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो केवळ नवऱ्यामागे जायचे म्हणून नव्हे, तर सोवळेओवळे आणि जातिभेद यांविषयीचा स्वतःचा विचार बदलत गेल्यावर, हे आपण अवश्य सांगावे.

जुना वाचक
सेवेचा भाग सांगताना त्यांच्या अहमदनगरच्या घरापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्या घरी आली आणि घरचीच झाली. पुढे तरुण बालकवी ठोंबरेही तिथे राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. आणायचे टिळकांनी आणि पानात वाढायचे लक्ष्मीबाईंनी, अशी ती वाटणी होती. म्हणून 'टिळकांची सेवा' असे एकेरी म्हणणे मला तरी अपुरे वाटते.

सातारकर
वरील मत मान्य आहे. परंतु घरगुती आठवणींच्या ओघात त्यांची भक्ती मागे पडू नये. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि त्यामुळेच मराठी मंडळीच्या उपासनेत अभंग आणि कीर्तन यांना त्यांनी मानाचे स्थान मिळवून दिले. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समाज उभारला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यांनी त्यात जागा दिली. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले आणि ते काम अर्धेच राहिले. मंडळीतील काही ज्येष्ठांना हा विषय आजही रुचत नाही, पण तो वगळल्यास स्मरण अपुरे राहील.

नगरकर
सर्वांचा आभारी आहे. आता सुरुवात 'ख्रिस्तायन' या ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्यापासून करीन: टिळकांच्या हातून त्याचे आरंभीचे अध्यायच लिहून झाले, आणि ज्यांना लग्नानंतर नवऱ्याकडून लिहिणेवाचणे शिकावे लागले होते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. विरहाची वर्षे त्यानंतर सांगेन, आणि दहा मिनिटांची बारा झाली तर पाळकसाहेबांची आधीच क्षमा मागून ठेवीन.