रोड रनरची पुढची उंची कशाने ठरवावी: मॅन्युअलने की नजरेने?

रानवारा (धागाकर्ता):
१९६९च्या प्लिमथ रोड रनरसारख्या गाडीचे नूतनीकरण पूर्ण झाले की पुढचा भाग किती उंच ठेवायचा हे बहुतेक जण चाक आणि मडगार्ड यांमधली फट पाहून ठरवतात, आणि माझा विरोध नेमका त्याला आहे. या गाडीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहेत; पोलादी दांड्याला पडलेला पीळच गाडीचा भार तोलतो आणि एका बोल्टने तो कमी-जास्त करता येतो. सोय इतकी हाताशी असल्यामुळेच मनमानी होते. प्लिमथची मूळ कंपनी क्रायस्लर हिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धत मडगार्डकडे पाहतच नाही. गाडी सपाट जमिनीवर, टाकी भरलेली, टायरमध्ये योग्य हवा आणि आत कोणी बसलेले नाही अशा स्थितीत पुढचा भाग दाबून सोडायचा, आणि तो स्थिरावल्यावर खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या) बॉल जॉइंटकडील, म्हणजे चाकाजवळच्या सांध्याकडील, व आतल्या टोकाकडील ठरावीक बिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजून एकीतून दुसरी वजा करायची. वजाबाकीत टायरचा आकार निघून जातो आणि आर्मचा कोन तेवढा उरतो. पुढच्या चाकांची सारी भूमिती या कोनावर बेतलेली आहे, म्हणून नूतनीकरणात हेच माप प्रमाण मानावे.

कातळवाट:
पद्धत उत्तम आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ते माप ठरले तेव्हा या गाडीला एफ७०-१४ मापाचे बायस-प्लाय (आतले धागे तिरपे असलेले, जुन्या घडणीचे) टायर येत असत. आज बहुतेक मालक रेडियल (आतले धागे आडवे असलेले) टायर बसवतात, आणि रेडियलला वळणावर चाकाचा माथा किंचित आत कललेला मानवतो. गाडी इंचभर खाली घेतली तर गुरुत्वमध्य खाली येतो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर असलेला कल, हाही त्याच दिशेने सरकतो. टायर बदलल्यामुळे अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) जुने आकडे आपण सगळेच बाजूला ठेवतो. मग उंचीचा आकडा तेवढा पवित्र का मानायचा? गाडी प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभी करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मला ती चालवायची आहे.

दगडीचाळ:
कातळवाट यांचा हेतू योग्य असला तरी मार्ग धोक्याचा आहे. बोल्ट सैल केल्याने बार कडक होत नाही. गाडी फक्त खाली बसते आणि बंप स्टॉपपर्यंतचे (आर्मला वर जाताना अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचे) अंतर घटते, त्यामुळे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आर्म रबरावर आदळतो. कडकपणा जाडीने येतो: हेमी या क्रायस्लरच्या जास्त ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांना कारखान्यातूनच ०.९२ इंच व्यासाचे जाड बार मिळत होते, यावरून बोध घ्यावा. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होते: खालच्या आर्मचा नट गाडी हवेत उचललेली असताना आवळला, तर आर्मच्या आतल्या टोकाला बसवलेले रबरी अस्तर, म्हणजे बुश, त्याच स्थितीत जखडतो आणि गाडी खाली ठेवल्यावर नाक उंच राहते. मग लोक बोल्ट फिरवत बसतात. नट सैल करून, गाडीचा पूर्ण भार चाकांवर असताना तो पुन्हा आवळायला हवा.

पाणकळा:
मागच्या बाजूकडेही पाहा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) दबून बसलेले असतील तर पुढचा भाग उगाच उंच दिसतो, आणि सत्तरच्या दशकातल्या हौशीप्रमाणे लांब शॅकल (पाटे गाडीला जोडणारी कडी) लावून मागची बाजू उचलली तर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कल) कमी होऊन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अस्थिर होते.

रानवारा:
कातळवाट, रेडियलसाठी कॅम्बर आणि कॅस्टर बदलावे हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी वरच्या आर्मला कॅम बोल्ट (फिरवल्यावर आर्म सरकवणारे बोल्ट) दिलेले आहेत. आधी उंची बसवावी आणि मग त्या बोल्टांनी अलाइनमेंट करावे, कारण टॉर्शन बारचा बोल्ट नंतर फिरवला तर कॅम्बर, कॅस्टर आणि टो-इन (दोन्ही चाकांची पुढची टोके आत वळलेली असण्याचे माप) हे तिन्ही पुन्हा हलतात.

कातळवाट:
क्रम मान्य आहे आणि दगडीचाळ यांचा बंप स्टॉपचा मुद्दाही मान्य आहे. तरीही मी गाडी इंचभर खालीच ठेवणार. फक्त आधी जाड बार घालेन, बंप स्टॉपपाशी किती जागा उरते ते मोजेन आणि त्या उंचीवरच बुशचा नट आवळेन.