मदत हवी आहे: वनस्पतीच्या मलमाची चाचणी, पण अर्क नसलेल्या नुसत्या बेसनेच जखमा भरतायत

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रबंधासाठी दगडीपाल्याच्या अर्काचं मलम केलंय आणि ते रॅटच्या जखमेवर लावून बघतोय. नीतिसमितीची परवानगी आहे, तो प्रश्न नाही. अडलंय ते निकालात.

पद्धत नेहमीचीच. भूल देऊन पाठीवर पूर्ण जाडीची गोल जखम, रोज मलम, ठरलेल्या दिवशी पारदर्शक कागदावर कड गिरवून क्षेत्रफळ. ग्रुप चार: नुसता बेस (अर्क न मिसळलेलं, लॅनोलिन आणि पॅराफिनचं साधं मलम), ५ टक्के अर्क, १० टक्के अर्क आणि तुलनेला सिल्व्हर सल्फाडायझिन (जखमेवर लावायचं नेहमीचं जंतुनाशक मलम). पायलटमध्ये (छोट्या प्राथमिक चाचणीत) बेसवाले अर्कवाल्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले. सल्फाडायझिन सगळ्यांच्या मागे. गाईड सर खूश. म्हणतात, 'स्टँडर्डपेक्षा आपलं मलम सरस' असं लिहून टाक. मला ते पचत नाहीये.

रॅटच्या कातडीखाली पॅनिक्युलस कार्नोसस हा पातळ स्नायू असतो, कातडी सैल असते आणि जखम मुख्यतः कडा ओढल्या जाऊन मिटते. मग मी मोजतोय ते मलमाचं काम की कातडीचं आखडणं? शिवाय पॅराफिनमुळे जखम ओलसर राहते, तेवढ्यानेच फरक पडत असेल का? आणि एक डोकेदुखी: अर्क गडद हिरवा आहे. डाग असा बसतो की जखमेची कड नेमकी कुठे संपते तेच दिसत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सरांचं ऐकू नका (त्यांना सांगू मात्र नका). सल्फाडायझिन जंतूंवर चांगलं, पण नवी त्वचा धरायला ते उशीर लावतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. संसर्ग नसलेल्या स्वच्छ जखमेत त्याला हरवणं म्हणजे पाय बांधलेल्याशी शर्यत. अर्काची तुलना बेसशीच करायची. आणि काहीच न लावलेला ग्रुप कुठाय? तो नसेल तर बेसचा वाटा कळणार कसा? ओलसरपणाची शंका रास्त आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवा थर उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने चढतो.

आखडणं रोखायला जखमेभोवती सिलिकॉनची कडी चिकटवून टाके घालतात. रॅट ती कुरतडतात, म्हणून वरून ड्रेसिंग आणि प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा. एरवीही तो हवाच, नाहीतर एकमेकांचं मलम चाटून साफ.

धागाकर्ता

पिंजरे स्वतंत्रच आहेत. कडी बसवली तर एकाच रॅटवर दोन जखमा चालतील का? एकीवर बेस, दुसरीवर अर्क?

प्रतिसाद २

करतात लोक, प्राणीही कमी लागतात. पण अर्क रक्तात शोषला गेला तर बेसच्या जखमेलाही त्याचा लाभ मिळणार. आणि दोन जखमा म्हणजे दोन प्राणी नव्हेत. स्टॅटिस्टिक्समध्ये संख्या रॅटचीच धरा.

डागाचं म्हणाल तर फोटोआधी सलाईनने हलकं टिपा, खपली उपटू नका. खरी अडचण वेगळीच आहे: हिरवा रंग दिसला की मोजणाऱ्याला ग्रुप आपसूक कळतो. फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा, कोड द्या आणि ग्रुप माहीत नसलेल्याकडून मोजून घ्या. शून्य दिवसाचं (जखम केली त्या दिवसाचं) क्षेत्रफळही प्रत्यक्ष मोजा, कापल्यावर कातडी मागे सरते आणि जखम पंचच्या (गोल कापायच्या हत्याराच्या) मापापेक्षा मोठी होते.

नुसत्या क्षेत्रफळावर प्रबंध उभा राहणार नाही. मॅसन ट्रायक्रोमच्या स्लाइड (ऊतीतले तंतू रंगवून दाखवणाऱ्या) आणि हायड्रॉक्सिप्रोलिन (कोलॅजेनमधलं अमिनो आम्ल) यांची तपासणी करा, म्हणजे कोलॅजेनचं, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचं, काहीतरी हाती लागेल.

वेदनाशामक कोणतं देताय? मेलॉक्सिकॅम असेल तर ते दाहच कमी करतं, म्हणजे जे मोजायचं त्यातच ढवळाढवळ. त्याऐवजी बुप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय वेदनाशामकाबद्दल पशुवैद्यांना विचारा. जे द्याल ते सगळ्या ग्रुपना सारखंच.