आरसी (रिमोट कंट्रोल) गाडीच्या लेक्सान (पारदर्शक पॉलिकार्बोनेट) बॉडीला काळी-पिवळी टॅक्सीचा रंग द्यायचाय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,
माझ्याकडे एक-दशांश स्केलची एम चासी (आरसी गाडीचा छोट्या मापाचा सांगाडा) आहे, तिच्यासाठी चौकोनी तोंडाच्या एका जुन्या सेडानची पारदर्शक बॉडी आणलीये आणि तिला मुंबईची काळी-पिवळी करायची असं पक्कं ठरलंय. पद्मिनीची बॉडी मला कुठे मिळाली नाही आणि रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी पण २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तर आता हीच आपली पद्मिनी. छप्पर आणि खांब पिवळे, काचेखालचं सगळं काळं.

लेक्सानला रंग आतून मारतात, म्हणजे गाडी उलटली घासली तरी रंग शाबूत राहतो, आणि जो कोट आधी माराल तोच बाहेरून दिसतो, इथपर्यंत मला कळलंय. घोडं अडलंय पिवळ्यावर. चाकांच्या कमानी कापल्यावर जे तुकडे उरले त्यावर पीएस-६ (तामिया कंपनीचा लेक्सानसाठीचा पिवळा स्प्रे) मारून बघितला, दोन-तीन हलके कोट दिले तरी उजेडाकडे धरला की ट्यूबलाइट आरपार दिसते, आणि मागे काळं काही ठेवलं की पिवळ्याचा शेवाळी होतो. सगळीकडे वाचतोय की गडद रंग आधी, फिका नंतर. मग काळा आधी मारून त्यावर पिवळा मारू का, की अजून काही करावं लागतं? दुसरं म्हणजे पुण्यात जुलै चालू आहे, गॅलरीत मारलेल्या एका तुकड्यावर दुधाळ झाक आली ती कशाने? एअरब्रश नाहीये, घेणारही नाही (घरातून परवानगी नाही), कॅनवरच भागवायचंय. आणि पीएसचे कॅन इथे फार महाग पडतात, तर नाना पेठेत गाड्यांच्या टचअपचे स्प्रे मिळतात ते चालतील का?

गिअरघासू
शेवटच्याचं आधी सांगतो, टचअपचा स्प्रे नको. तो पत्र्यासाठी असतो, वाळून कडक होतो, आणि ही बॉडी प्रत्येक धडकेत वाकते त्यामुळे पापुद्रे निघतात. काही स्प्रेंमधला थिनर तर पॉलिकार्बोनेटलाच बारीक तडे पाडतो. तामियाचेच टीएस कॅन पण नकोत, ते कडक प्लास्टिकसाठी, तुम्हाला पीएसच पायजेत. अमेरिकेतल्या भावाला आणायला सांगायचा विचार असेल तर सोडून द्या, रंगाचे कॅन विमानात नेऊ देत नाहीत.
रंग मारायच्या आधी बॉडी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात आतून नीट धुवा, साच्याचं तेलकट काहीतरी असतं तिच्यावर. मग आत बोट लावू नका. बाहेरची पातळ फिल्म शेवटपर्यंत काढायची नाही, उलट तिच्यावरच मार्करने रेषा आखून घ्या, आतून टेप लावताना दिसतात.
क्रम म्हणाल तर काळा आधी, मग पिवळा, मग पिवळ्याच्या मागे पांढरा. पांढऱ्याशिवाय पिवळा उठत नाही.

डोंबिवली_ड्रिफ्ट
पांढऱ्याबद्दल सहमत, क्रमाबद्दल नाही. गडद आधी हा नियम एवढ्यासाठी आहे की फिक्याच्या मागे गडद गेला की फिका मळकट दिसतो. पण मध्ये पांढऱ्याची भिंत असेल तर प्रश्न कुठे आला? मी असतो तर आधी खालचा भाग आणि काचा झाकल्या असत्या, छपराला पिवळा, त्याच्यावर पीएस-१ पांढरा चांगला दाट होईपर्यंत, मग खालची टेप काढून आतून सगळीकडे पीएस-५ काळा. मास्किंग एकदाच, वर काळ्याने पांढऱ्यालाही पाठ मिळते, आणि काचेतून आत डोकावलं तर पांढरं भकास दिसत नाही. काळा मारायच्या आधी बॉडी बल्बवर धरून बघा, जिथे उजेड झिरपतो तिथे पांढरा अजून हवा.
दुधाळ झाक म्हणजे दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगात अडकतं. आपल्याकडे पहिलाच कोट बाहेरून दिसतो म्हणून नंतर वर काही मारून ती झाक जात नाही. आणि एक, लोक बॉडी एसीत ठेवतात आणि थेट गॅलरीत नेऊन मारतात, ते तर आणखी वाईट, एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना तेच बॉडीवर होतं. पाऊस थांबून ऊन पडलेली दुपार बघा, बॉडी बाहेरच्या हवेत थोडी बसू द्या, कॅन कोमट पाण्यात धरा (उकळत्या नाही हो!) म्हणजे फवारा बारीक येतो. साधारण एक फुटावरून, धुक्यासारखे हलके कोट.

गिअरघासू
ड्रिफ्टराव, तुमच्या पद्धतीत टेपखाली पिवळा झिरपला तर काळ्यात पिवळी दाढी दिसेल त्याचं काय?

डोंबिवली_ड्रिफ्ट
तुमच्यात पिवळ्यात काळी दिसेल, ती जास्त दिसते 😄 झिरपणं टेपच्या कडेवर आहे. कड नखाने दाबायची, पहिला कोट टेपच्या बाजूने उघड्या भागाकडे मारायचा, ओला थर द्यायचाच नाही. खांबांच्या वळणावर रुंद टेप उचकटते, तिथे दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कापून आधी वळण काढा, मग मागून रुंद लावा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ड्रिफ्ट यांचा क्रम पटतोय, मास्किंग एकदाच म्हटल्यावर आमच्यासारख्याला बरंच. टेप कधी काढायची पण? रंग पूर्ण वाळल्यावर काढली तर कड तुटते असं वाचलं.

गिअरघासू
हाताला चिकटत नाही इतपत वाळला की काढा, टेप स्वतःवरच दुमडत, हळू. जास्त वाळला असेल तर कडेवरून ब्लेड अगदी हलकं फिरवा, जोर दिलात तर बॉडीला चर पडते आणि पुढच्या धडकेत तिथूनच फाटते.
आणि हे सगळं गॅलरीत करा, खोलीत नको, गॅस आणि देवाचा दिवा लांब. हेअर ड्रायर वापरलाच तर कमीवर आणि दुरून, बॉडी वाकडी होते.

नळबाजार
रंगाचं झालं, पण मीटर? पद्मिनीला तो बाहेर असायचा, बोनेटच्या डाव्या बाजूला. तो लावला नाहीत तर मुंबईकर मान्य करणार नाहीत. माझ्या मते स्टिकर नको, छोटा प्लास्टिकचा ठोकळा करा आणि फोमच्या दुहेरी टेपने चिकटवा, धडकेत निघाला तर परत लावता येतो.