गिअरबॉक्समध्ये जीएल-४ टाकू की जीएल-५? डोकं फिरलंय

दुसरा_अडकतो

मंडळी मदत पाहिजे. सेकंडहँड गाडी घेतलीय, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ५ स्पीड मॅन्युअल, ९२ हजार किमी झालेत. गिअर ऑइल कधी बदललं होतं ते आधीच्या मालकालाच आठवत नाही, म्हणजे बहुतेक कधीच नाही. सकाळी गाडी गार असताना पहिल्यावरून दुसरा टाकला की खर्र्र करतो, ४-५ किमी चालली की नरम येतो आणि मग दिवसभर काही त्रास नाही. आता ज्याला विचारावं त्याचं वेगळंच. एक म्हणतो ८०डब्ल्यू-९० (म्हणजे ऑइल किती दाट ते) जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग) टाक, ५ म्हणजे ४ पेक्षा भारीच ना. दुसरा म्हणतो ७५डब्ल्यू-९० सिंथेटिकच पाहिजे. तिसऱ्याने तर सांगितलं गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलायचंच नसतं. त्या पहिल्याच्या नादाने जीएल-५ चा डबा घरात येऊन पडलाय. ओतू का?

ग्रीसवाले_हात

थांब, ओतू नकोस.

४ आणि ५ हे पास-नापासचे मार्क नाहीयेत, कामं वेगळी आहेत. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी आहे, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) असतात ते. तिथे पिनियन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, आणि दाब इतका की साधं ऑइल मधून पिळून निघतं. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसवालं ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे जबर दाब सोसणारं) अॅडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. ते गरम झालं की धातूच्या पृष्ठभागाशी रिअॅक्ट होऊन त्यावर एक थर तयार करतं आणि झिजायचं ते त्या थराने झिजायचं, अशी ती आयडिया.

आता तुझ्या गिअरबॉक्समध्ये काय आहे? तिरके कापलेले हेलिकल गिअर, त्याच डब्यात डिफरन्शियल पण त्याचा क्राउनही हेलिकलच, हायपॉइड नाही. आणि सिंक्रो रिंगा, ज्या बऱ्याच गाड्यांत पितळेच्या असतात. गंधक आणि तांबं यांचं जमत नाही, पितळ काळं पडतं, हळूहळू खाल्लं जातं. लोक इथपर्यंतच सांगतात पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट घसरणीची आहे. सिंक्रो रिंग म्हणजे छोटा ब्रेकच समज, तुम्ही लीव्हर ढकलला की ती गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा स्पीड सारखा करते आणि मगच दाते एकमेकांत जातात. ऑइल जास्त निसरडं असेल तर रिंगेला पकडच मिळत नाही, स्पीड जुळायच्या आत दात्याला दाता लागतो आणि तुझा तो खर्र्र. म्हणजे 'भारी' ऑइलने तुझा आजार बरा होण्याऐवजी वाढेल.

जुना_डिझेलवाला

हे सगळं पुस्तकी आहे. मी रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हीत एकच जीएल-५ टाकून १ लाखाच्या वर चालवलीय. बॉक्स एकदम ओके. एकच डबा, कटकट नाही.

ग्रीसवाले_हात

@जुना_डिझेलवाला दादा तुमची चालली असेल, खोटं म्हणत नाही. आजकालच्या बऱ्याच जीएल-५ ऑइलमध्ये गंधक पितळेला कमी त्रास देईल असं बनवलेलं असतं हेही खरं. पण घसरणीचा मुद्दा त्याने सुटत नाही, आणि सगळ्यांच्या सिंक्रो रिंगा एकाच मटेरियलच्या नसतात, कुठे पितळ, कुठे मॉलिब्डेनमचा थर, कुठे कार्बनचं अस्तर. उलट उदाहरण मीच देतो, सुबारूच्या मॅन्युअल बॉक्समध्ये पुढचं डिफरन्शियल हायपॉइड असतं आणि ते त्याच ऑइलमध्ये फिरतं, म्हणून तिथे कंपनीच जीएल-५ सांगते. मग काय सगळ्यांनी टाकायचं का? कंपनीने त्या बॉक्सच्या सिंक्रोचा विचार करून जे लिहिलंय ते टाकायचं, बास.

जुना_डिझेलवाला

बरं बाबा. पण माझी चालली.

सेंटीस्टोक

नंबरांबद्दल थोडं, कारण तिथेही गोंधळ असतो. लोक ९० बघून घाबरतात, बापरे इंजिनमध्ये ४० आणि इथे ९०, म्हणजे डांबरच. तसं नाहीये, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. १०० डिग्रीला एसएई ९० गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) मध्ये असतं, आणि इंजिनचं एसएई ४० असतं १२.५ ते १६.३. म्हणजे जवळपास शेजारीच. गिअर ऑइलचं ८० तर ११ च्या खालीच.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्याचा. ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० डिग्रीला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. तुला वाटेल आपल्याला काय करायचंय उणे ४० शी, पण त्याचा अर्थ असा की सकाळच्या साध्या गारव्यातही ७५डब्ल्यू लवकर पातळ वागतं, सिंक्रोच्या खाचांतून पटकन बाजूला होतं आणि रिंग पकडते. गार असताना अडकतो, गरम झाल्यावर नाही, ही तुझी लक्षणं बघता ८०डब्ल्यू कडे जाणं म्हणजे उलटी दिशा. पण म्हणून पातळात पातळ शोधत बसू नको, गरम झाल्यावर बेअरिंग आणि दात्यांमध्ये ऑइलची फिल्म राहिली पाहिजे, नाहीतर गिअर सहज पडतील पण बॉक्स गायला लागेल.

आणि सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी जीएल, मग ग्रेड, मग ते.

क्लचप्लेट

सगळे ऑइलवर तुटून पडलेत, कोणी क्लच विचारलाच नाही 🙂 गाडी बंद करून सगळे गिअर टाकून बघ. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना सगळेच अडकतात, रिव्हर्सला पण खर्र करतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग ऑइल कुठलंही टाक, काही फरक पडणार नाही. फक्त दुसराच अडकत असेल तर मात्र सिंक्रो किंवा ऑइल, कारण दुसऱ्याच्या सिंक्रोला सगळ्यात जास्त मार बसतो.

दुसरा_अडकतो

@क्लचप्लेट करून बघितलं, फक्त दुसराच. रिव्हर्स चांगला पडतो.
गाडीसोबत मॅन्युअलचं पुस्तक नव्हतं, कंपनीच्या साइटवर पीडीएफ सापडलं. ७५डब्ल्यू-८० जीएल-४, २.१ लिटर. म्हणजे मला ऑइल सुचवणाऱ्या दोघांपैकी एकही बरोबर नव्हता. एका डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं दिसलं, ते चालेल का? आणि हे आयुष्यभर बदलायचं नसतं हे खरंय का?

ग्रीसवाले_हात

दोन्ही लिहिलेल्या डब्यापासून मी तरी लांब राहतो. जीएल-५ एवढं ईपी असेल तर ते सिंक्रोसाठी जीएल-४ सारखं कसं वागेल? त्यावर तुझ्या कंपनीचा अप्रूव्हल नंबर छापलेला असेल तर गोष्ट वेगळी. तुला स्पष्ट लिहिलेलं मिळालंय ना, तेच घे. आणि मॅन्युअल वाचायची सवय चांगली, होंडाच्या जुन्या गाड्यांना गिअरबॉक्समध्ये चक्क इंजिन ऑइल लिहिलेलं असायचं, बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॅन्युअल बॉक्समध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) जातं, अंदाजाने कळणार आहे का हे कोणाला.

आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर ते कोणी सांगत नाही. गिअरबॉक्सला फिल्टर नसतो, झिजलेला चुरा त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो. ९२ हजारला बदल.

बदलताना: थोडी चालवून ऑइल कोमट कर, गाडी सपाट जागी चारही बाजूंनी उचल, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नकोस, स्टँड लाव. आणि आधी वरचा फिलर प्लग सोड, मगच खालचा ड्रेन. फिलर गंजून बसलेला असला आणि तू आधी सगळं ऑइल काढून टाकलंस तर गाडी तिथेच उभी राहील. मी एकदा बसलोय तसा, पान्हा हातात आणि रिकामा बॉक्स समोर. प्लगचे वॉशर नवीन घाल. बहुतेक बॉक्समध्ये फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की लेव्हल झाली, तरी तुझ्या पीडीएफमध्ये बघून घे.

दुसरा_अडकतो

झालं काम. अपडेट देतो.

निघालं ते ऑइल काळं आणि मोजलं तर जेमतेम दीड लिटर! उरलेलं कुठे गेलं ते वर बघितल्यावर कळलं, डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी सगळं ओलं आणि धूळ चिकटून चिखल झालाय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट होती, बोटाने चोळली तर मऊ, तुकडे नाही सापडले. पेस्टमध्ये पिवळट चमक दिसली थोडी, ती पितळेची का?

नवीन ७५डब्ल्यू-८० जीएल-४ भरलं, भोकातून वाहेपर्यंत. आज चौथी सकाळ. दुसरा आधीपेक्षा खूपच बरा पडतो, पण अगदी पहिल्या एक-दोन वेळा घाईत टाकला तर अजून हलकासा खर्र येतो. हळू टाकला तर नाही.

ग्रीसवाले_हात

राखाडी मऊ पेस्ट नॉर्मल. पितळ चुंबकाला चिकटत नाही पण पेस्टमध्ये अडकून येतं, सिंक्रोचंच असणार. म्हणजे दुसऱ्याची रिंग थोडी झिजलीय, झिजलेलं ऑइलने भरून येत नाही. सकाळी पहिले दोन किमी न्यूट्रलला अर्धा सेकंद थांबून दुसरा टाक, अशी वर्षानुवर्षं जाईल. सील मात्र आत्ताच बदल, नाहीतर हे चांगलं ऑइल पण रस्त्यावर जाईल, आणि शाफ्ट काढल्यावर लेव्हल परत चेक करावी लागेल तेव्हा उरलेलं ऑइल फेकू नको.

दुसरा_अडकतो

सील मागवलंय. आणि तो जीएल-५ चा डबा कोणाला पाहिजे का, सीलबंद आहे?

जुना_डिझेलवाला

मला दे 😄

ग्रीसवाले_हात

डिफरन्शियलमध्येच टाका हं दादा.