मदत हवी आहे: कॅप्टन नेमोच्या पाठीवर तांब्याचा बंब (ठाणे)

मीठबंदर:
नमस्कार मंडळी. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला, या खेपेस कॅप्टन नेमोचा वेश करायचा बेत आहे, तोही स्टीमपंक. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाफेची यंत्रं मागे पडलीच नाहीत, तीच सुधारत, वाढत गेली असं धरून चालायचं. मग पितळ, तांबं, चामडं, दातेरी चाकं, गॉगल. सिनेमे, कॉमिक्स, गेम्स, दागिने, दिवे, सगळीकडे ही शैली दिसते आणि बहुतेक वेळा लंडनच्या धुक्यातच अडकलेली असते. उंच हॅट, लांब कोट, कॉर्सेट. ठाणे स्टेशनच्या पुलावर कॉर्सेट घालून चढायची माझी तयारी नाही.

नेमो निवडला कारण तो आपला आहे. ज्यूल व्हर्नने 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या आधीच्या कादंबरीत त्याचा देश लपवून ठेवला होता. पण १८७५ साली पूर्ण झालेल्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये सांगून टाकलं की हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. तरी बहुतेक जण त्याला गोऱ्या कप्तानाच्या टोपीतच रंगवतात. मला अंगरखा, कमरबंद आणि पगडी करायची आहे, आणि पाठीवर यंत्र.

यंत्रासाठी माळ्यावर आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब पडून आहे. आईचं म्हणणं, "पडून असला तरी तो बंब आहे, भंगार नव्हे." तरीही विचारते: बंब उभा कापून अर्धाच पाठीवर घेतला तर पेलेल का? त्यातून खरी वाफ सोडता येईल का, फोटोपुरती? सुटे गिअर ठाण्यात कुठे मिळतील? बजेट चार-पाच हजार. राहते नौपाड्यात, नोकरी वागळे इस्टेटला.

लेथवाला_रबाळे:
ताई, आधी वाफेचं. खरी वाफ डोक्यातून काढून टाका. पाठीवर निखारे आणि उकळतं पाणी घेऊन गर्दीत कुणी शिरू देणार नाही, आणि देऊही नये.

दुसरं म्हणजे बंबात दाब तयार होत नाही, होऊ द्यायचाही नसतो. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. वरून मोकळा आहे म्हणून तर तो पिढ्यानपिढ्या न्हाणीघरात सुखाने नांदला. कुणी हौसेने वरचं तोंड बुजवून, तोटी बंद करून खाली जाळ घातला तर पत्रा फाटून माणूस भाजेल. रेल्वेच्या बॉयलरचा पत्रा जाड असायचा, त्याला रिव्हेट मारलेले असायचे, वर सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यामुळे बंबाला प्रेशर गेज चिकटवायचा विचार असेल तर तोही सोडा. जाणकार माणूस बघताक्षणी हसेल.

कापण्याबद्दल माझं मत आईंच्या बाजूने. पातळ पत्र्याला ग्राइंडर लावला की तो थरथरतो, वाकतो, आणि कडा ब्लेडसारख्या होतात. त्या तुमच्याच पाठीवर येणार.

वाफेचा नुसता भास हवा असेल तर ह्युमिडिफायरमधली पाच व्होल्टची अल्ट्रासोनिक चकती मिळते, ड्रायव्हर सर्किटसकट. पॉवर बँकवर चालते. ते धुकं गार असल्यामुळे वर न जाता खाली घरंगळतं, म्हणून मागून छोटा फॅन द्या. पाणी डिस्टिल्ड वापरा, नाहीतर क्षारांची पांढरी पूड कपड्यांवर बसते. आणि हॉलमध्ये चालू करण्याआधी आयोजकांना विचारा. तिथे स्मोक अलार्म असतात.

जुनं_ठाणं:
नेमोच कशाला? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी आपल्या ठाण्याला आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. ठाणेकराने स्टीमपंक करायचं तर त्या इंजिनावरचा फायरमन करावा. धोतर, मुंडासं, हातात फावडं. खर्चही कमी.

तिखटमीठ:
सगळं इंग्रजांचं कौतुक चाललंय. मावळा करा की.

मीठबंदर:
@तिखटमीठ, मावळा शाळेच्या गॅदरिंगला करून झालाय. आणि नेमो इंग्रजांचा हाडवैरी आहे, कौतुक कुठलं करतोय! @जुनं_ठाणं, फायरमनची कल्पना झकास आहे, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते.

व्हर्नवाचक:
भा. रा. भागवतांमुळे मराठीतून व्हर्न वाचलेल्या पिढीतला मी. एक नाजूक हरकत घेतो. नेमोची पाणबुडी नॉटिलस वाफेवर चालतच नाही हो! ती विजेवर चालते. कॅप्टन स्वतः पाहुण्यांना समजावून सांगतो की समुद्राच्या पाण्यातून सोडियम काढायचं, पाऱ्यात मिसळायचं आणि बुन्सेनच्या सेलमध्ये, म्हणजे त्या काळच्या एका बॅटरीत, जस्ताच्या जागी वापरायचं. १८७० च्या सुमाराला छापलेली गोष्ट आहे ही. बाकीचं जग कोळसा फोडत असताना या माणसाने बॅटरीवरची पाणबुडी कल्पिली.

म्हणजे नेमोच्या पाठीवर बंब दिला तर ज्या वाफेवर त्याची पाणबुडी चालतच नाही तीच त्याच्या गळ्यात मारल्यासारखं होईल. स्टीमपंकमध्ये सगळं चालतं हे मला माहीत आहे. पण अंगरखा बुंदेलखंडी हवा म्हणून तुम्ही एवढा आग्रह धरता, मग यंत्राला सूट का?

मीठबंदर:
हे आईला वाचून दाखवलं. व्हर्नवाचकांना चहाचं आमंत्रण आहे.
पण आता पाठीवर घेऊ काय? बॅटरी म्हटलं की काळा चौकोनी डबा डोळ्यांपुढे येतो. लोकांना वाटेल बाई इन्व्हर्टर दुरुस्तीला घेऊन निघाल्यात.

बॅकस्टेज_मावशी:
अगं, उलट सोपं झालं. एकांकिका स्पर्धांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, करण्यात माझं आयुष्य गेलं, त्या अनुभवावर सांगते.

बुन्सेन सेल दिसायला फार देखणा. काचेची बरणी, तिच्यात सौम्य गंधकाम्ल, त्यात जस्ताचं नळकांडं, त्याच्या आत मातीचं सच्छिद्र भांडं, आणि भांड्यात नायट्रिक आम्लात उभी कार्बनची कांडी. तुला आम्लाचा थेंबही नकोय. जांभळी नाक्यावरून चकलीच्या पारदर्शक प्लॅस्टिक बरण्या आण, सहा पुरतील. आत अल्युमिनियमचा पातळ पत्रा गोल करून बसव, पण पुढून फट ठेव, म्हणजे आतलं दिसेल. मातीच्या भांड्याऐवजी पुठ्ठ्याची नळी घेऊन तिला गेरू लाव, दोन फुटांवरून कुणाला कळणार नाही. मधोमध काळी रंगवलेली लाकडी कांडी. बुडाशी तांब्याच्या तारेवरचे फेअरी लाइट गुंडाळ, दिवाळीनंतर ते स्वस्त असतात. बरणीला आतून पॉलिश पेपर फिरव. उजेड पसरतो आणि आतली लबाडी झाकली जाते. पाणी मात्र भरू नकोस, वजनाने रडशील.

तांब्याची तार क्राफ्टच्या दुकानात चिमूटभर आणि महाग मिळते. पंप-पंखे रिवाइंड करणाऱ्याकडे जा. वाइंडिंग वायर तो वजनावर देतो, आणि वरच्या एनॅमलमुळे ती काळी पडत नाही. रिकाम्या रिळावर दाट गुंडाळलीस की कॉइल तयार. सेटवर याच्याइतकं कमी पैशात उठून दिसणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आता खरी खाण. नौपाड्यात जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला निघतायत, त्यांचं सामान भंगारवाल्याकडे येतं. चिनी मातीचे कटआऊट (जुने फ्यूज), काळे गोल बेकलाइटचे स्विच, पितळी कड्या, नळाच्या तोट्या. बेकलाइट १९०७ चं, नेमोच्या नंतरचं, व्हर्नवाचकांनी डोळे मिटून घ्यावेत. खिशात लोहचुंबक ठेव. चिकटलं तर ते लोखंडावरचा मुलामा आहे, पितळेचा भाव देऊ नकोस.

बाकी सांगाडा खऱ्या धातूचा अजिबात करू नकोस. जाड फोम शीट काप, हीट गन फिरवून तिची छिद्रं बुजव, फेविबॉण्डने चिकटव. पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून, कारण त्याच्या वासाने डोकं उठतं. आधी सगळं काळं रंगव. मग ब्रशवर पितळी रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाक, आणि उरलेला फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर घास. खाचांमध्ये काळं राहू दे. सगळीकडे सोनेरी स्प्रे मारलास तर गणपतीचं मखर होईल. हे सगळं जुन्या ट्रेकिंग सॅकच्या फ्रेमवर बांध, भार कमरपट्ट्यावर येऊ दे.

लेथवाला_रबाळे:
मावशींना दंडवत. गिअरचं राहिलं होतं. बॅटरीच्या यंत्राला ढीगभर चाकं लागतच नाहीत, त्यामुळे दोन-तीनच लावा, पण फिरणारी. नुसती चिकटवलेली चाकं बघून माझ्या हातांना खाज सुटते. बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकचे चांगले गिअर असतात. नाहीतर तीन मिलिमीटर एमडीएफमधून (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डातून) लेझरने कापून घ्या, वागळेत अशी कामं होतात. फिरवायला बीओ मोटर, म्हणजे छोटी गिअरवाली मोटर. दोन चाकांचं मोड्यूल, म्हणजे दात्यांचं माप, एकच हवं. शेजारची चाकं उलटसुलट फिरतात, म्हणून तीन चाकं एकमेकांत अडकवून त्रिकोण केलात तर तिन्ही जाम. ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्यावर १९ चाकांची बंद गोल साखळी कोरली होती. १९ विषम, म्हणजे ती फिरणं शक्यच नाही. लोकांनी टाकसाळीची चूक काढली होती!

आणि एक. जुन्या बाजारातली अंधारात चमकणारी काट्यांची घड्याळं गिअरसाठी खोलू नका. पूर्वी त्या रंगात खरंच रेडियम असायचं. चमक विझली तरी रेडियम तिथेच असतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. ती पूड नाकातोंडात जायला नको.

मीठबंदर:
ठरलं तर. सहा बरण्या दोन रांगांत, वर कॉइल, बाजूला कटआऊट, कमरेशी एक मोठा स्विच जो खटकन पडला की सगळं उजळेल. धुकं रद्द. अंगरख्यासाठी महेश्वरी कापड घेणार होते, मावशी, चालेल ना?
आणखी एक अडलंय. बरण्या जोडायला घेतलेल्या तांब्याच्या पट्ट्या अगदी नव्या, लाल चकचकीत दिसतायत. जुन्या कशा करू?

बॅकस्टेज_मावशी:
महेश्वरी धावेल, पण अस्तर लाव, सॅकचे पट्टे कापड खातात.
पट्ट्या आधी थिनरने पूस, वर लॅकर असेल तर निघेल. मग कडक उकडलेली अंडी गरम असतानाच ठेचून, पट्ट्यांसोबत झिपच्या पिशवीत बंद कर, अंडं तांब्याला टेकू न देता. बलकातल्या गंधकाने तांबं तपकिरी, मग काळपट होत जातं. अधूनमधून डोकाव, हवा तो रंग आला की काढून धू. पितळेवर हे तितकं चढत नाही. मीठ-व्हिनेगरचा हिरवा गंज सुंदर दिसतो, पण तो विषारी, अंगावर घालायच्या वस्तूवर नको. शेवटी क्लिअर लॅकरचा हात. आणि घरात कुणी त्या पट्ट्या दिसल्या म्हणून पितांबरीने घासणार नाही एवढं बघ. ठाण्यात तो धोका जास्त!

लेथवाला_रबाळे:
जाण्याचं बघा. सांगाडा दोन तुकड्यांत सुटेल असा करा, मधे विंगनट. गर्दी ओसरल्यावर कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे रिक्षा. रेल्वेत सगळ्या तारा जोडलेल्या नकोत. बरण्या, तारा, लुकलुकते दिवे पाठीवर बघितल्यावर पोलीस थांबवणारच, आणि त्यांचं चुकणार नाही. पॉवर बँक वेगळी ठेवा, हॉलवर पोचल्यावर जोडा. दारात प्रॉप तपासतात, धातूच्या धारदार कडा सहसा चालत नाहीत, म्हणून पट्ट्यांची टोकं कानस मारून गोल करा. वेल्डिंगचा गॉगल घेणार असाल तर काळी काच काढून साधी बसवा, नाहीतर पुलाच्या पायऱ्या दिसायच्या नाहीत.

स्विच किंवा कटआऊटमधून घरातली वीज नेऊ नका, फक्त पाच व्होल्ट.